अंजन, पाणी आणि काळा आरसा : पाहण्याची साधना घरी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अंजन घालून पाहण्याविषयी कधीच काही ऐकलेले नाही, असे घर सापडणे कठीण आहे. विड्याच्या पानावर किंवा अंगठ्याच्या नखावर काजळाचा चकचकीत थर द्यायचा, त्यात एखाद्या लहान मुलाला किंवा पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला टक लावून पाहायला बसवायचे, आणि त्याला जे दिसते त्यावरून हरवलेली वस्तू, परागंदा झालेला माणूस किंवा जमिनीत पुरलेले धन यांचा ठावठिकाणा सांगायचा, अशी ही पद्धत इथल्या मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत परिचित आहे. जगभर स्क्राइंग या नावाने ओळखला जाणारा भविष्यकथनाचा प्रकार तो हाच. साधन तेवढे बदलते. कैरोमध्ये १८३० च्या दशकात मुलाच्या तळहातावर शाई ओतून त्यात पाहायला लावत, इंग्लंडमध्ये स्फटिकाचा गोळा वापरत, आणि बौद्धांच्या कालचक्र तंत्रात कुमारिकेला आरशात दिसणाऱ्या प्रतिमेचा, म्हणजे प्रतिसेनेचा, दाखला येतो.

ही साधना घरच्या घरी, स्वतःपुरती आणि कोणालाही इजा न करता कशी करावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. माझी भूमिका आधीच मांडतो. पात्रात, म्हणजे पाणी, आरसा, पान अशा ज्या साधनात पाहायचे त्यात, दिसणाऱ्या प्रतिमांमुळे उद्याची घटना आधी कळते याला पुरावा नाही. परंतु आपल्याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहायला लावणारी सामग्री त्यातून मिळू शकते, आणि ती उपयोगी पडते की नाही हे पात्रापेक्षा वहीवर अधिक अवलंबून असते. म्हणून आरशाइतकीच जागा इथे लिहिण्याला दिली आहे.

डोळ्यांत काय घडते

पाहायला बसण्यापूर्वी हे समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर पहिल्याच बैठकीत साधक घाबरतो किंवा हुरळून जातो. स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्ये असे नोंदवले की नजर एका बिंदूवर स्थिर ठेवली, तर कडेच्या गोष्टी हळूहळू फिकट होऊन नाहीशा होतात. न बदलणाऱ्या दृश्याकडे दृष्टिसंस्था दुर्लक्ष करू लागते आणि मोकळी झालेली जागा मेंदू आपल्या परीने भरून काढतो. मंद प्रकाशात डोळ्यांकडून येणारी माहिती आधीच अपुरी असल्याने हे भरून काढणे अधिक ठळक होते.

इटलीतील मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो यांनी २०१० मध्ये ५० जणांना अंधुक उजेडात दहा मिनिटे आरशासमोर बसवले. त्यांपैकी ६६ टक्के लोकांना स्वतःचा चेहरा विचित्र रीतीने बदललेला दिसला, २८ टक्के लोकांना अनोळखी व्यक्ती दिसली, १८ टक्के लोकांना आई किंवा वडिलांचा चेहरा बदललेल्या रूपात दिसला, आणि ४८ टक्के लोकांना अद्भुत किंवा राक्षसी आकृत्या दिसल्या. यांतल्या कोणालाही मांत्रिक किंवा पायाळू म्हणून निवडलेले नव्हते. आरशात अनोळखी बाई दिसली म्हणून घरात काही "बाहेरचे" शिरले असा निष्कर्ष काढण्याची घाई करणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. दिसणे ही सर्वसाधारण माणसाची क्षमता आहे. जे दिसले त्याचे काय करावे, तिथून साधना सुरू होते.

प्रश्न कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये

माझ्या मते या विद्येची आपल्या भागात जी बदनामी झाली ती पात्रामुळे झाली नाही, प्रश्नांमुळे झाली. "काकू, माझी माळ कुणी नेली तेवढं बघा की," अशी विनंती घेऊन शेजारीण आली, आणि अंजनात "उंच, सावळी, डाव्या हाताला राहणारी बाई" दिसली, की गल्लीतल्या कोणत्या तरी निरपराध मोलकरणीचे काम सुटते आणि नाव कायमचे खराब होते. चोरीचा प्रश्न कधीही घेऊ नये. करणी कोणी केली, मूल कोणाचे, नवरा कोणाकडे जातो, हे प्रश्नही त्याच जातीचे आहेत, कारण त्यांचे उत्तर म्हणजे दुसऱ्या एखाद्या माणसाचे नाव असते आणि त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी नसते.

गुप्तधनाचा प्रश्न तर वर्ज्यच मानावा. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की हंडे दिसतात, या समजुतीपायी माणसे फसली आहेत आणि पुढे अघोरी प्रकारही घडले आहेत. महाराष्ट्राचा २०१३ चा आणि कर्नाटकाचा २०१७ चा असे दोन्ही जादूटोणाविरोधी कायदे अशा प्रकारांविरुद्ध आहेत, आणि सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, त्यातून सुटका नाही. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते, त्यामुळे अंजनात दिसलेला हंडा खरा निघाला तरी तो गुपचूप घरी नेता येत नाही. आजाराचे निदानही पात्राला विचारू नये.

मग विचारावे काय? ज्याचे उत्तर स्वतःच्या वागण्यात आहे ते. "पुण्याची नोकरी मिळेल का?" हा प्रश्न वाईट आहे, कारण त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर आहे आणि पात्र हो-नाही बोलत नाही. "पुण्याला जाण्याच्या विचारात मला कशाची भीती वाटते?" हा प्रश्न चांगला आहे. "भावाशी वाटणीविषयी बोलताना मी कोणती गोष्ट टाळतो आहे?" हाही चांगला. हो-नाहीच हवे असेल, तर त्यासाठी गावच्या देवळात कौल लावण्याची रीत आहे. एका बैठकीला एकच प्रश्न घ्यावा आणि तो बसण्यापूर्वी वहीत पूर्ण वाक्यात, तारखेसह लिहावा. हे वाक्य नंतर बदलता येणार नाही, हा नियम स्वतःवर सक्तीने लादून घ्यावा. प्रतिमा दिसल्यावर प्रश्न तिला साजेसा वळवण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो.

साधन

नवख्यासाठी सर्वांत सोपे आणि बिनखर्चाचे साधन म्हणजे पाणी. त्यासाठी काळ्या तळाचे पसरट भांडे हवे. घरातली वापरून काळीभोर झालेली लोखंडी कढई यासाठी उत्तम असते. मात्र ती शिकेकाईने किंवा राखेने घासून पूर्णपणे निस्तेल करावी, कारण तेलाचा अंश राहिला तर पाण्यावर रंगीत तवंग येतो आणि डोळा त्या रंगांतच अडकतो. आठ ते दहा इंच व्यासाच्या कढईत दोन ते तीन इंच पाणी पुरेसे होते. बैठक संपताच पाणी झाडाला घालून कढई कोरडी पुसावी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी, नाहीतर सकाळी गंज चढलेला असतो. काशाचे किंवा पितळेचे चकचकीत भांडे मी सुचवणार नाही. छायादानासाठी काशाच्या वाटीतील तेलात चेहरा पाहतात तो क्षणभरासाठी. वीस मिनिटे पाहायचे असेल, तर धातूची चमक डोळ्यांना टोचते.

ज्यांना नियमित साधना करायची आहे त्यांनी काळा आरसा तयार करावा. फोटो फ्रेम करून देणाऱ्या दुकानातून सहा बाय आठ इंचांची, तीन किंवा चार मिलीमीटर जाडीची साधी काच कापून घ्यावी आणि तिच्या कडा घासून बोथट करून घ्याव्यात. काच स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, आणि एकाच बाजूला काळ्या एनॅमलचा किंवा स्प्रे रंगाचा पातळ हात द्यावा. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि काच उजेडासमोर धरून कुठे सुईएवढे छिद्र दिसले तर तिसरा. जाड हात एकदम दिला की रंग ओघळतो. हे काम उघड्या अंगणात किंवा गच्चीवर करावे, आणि खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांनी ते पावसाळ्यात काढूच नये, कारण त्या दमट हवेत एनॅमल लवकर वाळत नाही. रंग दिलेली बाजू मागे आणि स्वच्छ काचेची बाजू पुढे येईल अशी ती फ्रेममध्ये बसवली की आरसा तयार झाला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील विद्वान जॉन डी यांचा म्हणून ओळखला जाणारा काळा आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत त्याचा ज्वालामुखी काच-दगड मेक्सिकोतील पाचुका परिसरातला असल्याचे ठरले. तेवढ्या दूरचा दगड आपल्याला मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही.

स्फटिकाचा गोळा महाग असतो आणि त्यात फसवणूकही फार होते. गोळ्यातून कागदावरची रेघ पाहत तो हळूहळू फिरवावा. खऱ्या स्फटिकात काही कोनांतून ती दुहेरी दिसते, काचेत एकेरीच राहते, आणि काचेत हवेचे बारीक बुडबुडेही आढळतात. पाहण्यासाठी काचही चालते, फक्त स्फटिकाची किंमत तिला देऊ नये. गोळा कोणताही असो, तो खिडकीपाशी उघडा ठेवू नये, कारण सूर्याचे किरण त्यातून एकवटले तर कपड्याला आग लागू शकते.

काजळाची परंपरा जपायची असल्यास एरंडेल तेलाच्या वातीवर तांब्याची ताटली उपडी धरून काजळी जमवावी, तीत थोडे एरंडेल खलावे आणि विड्याच्या पानाच्या चकचकीत बाजूला लावावे. पान सुकत असल्याने ते दर वेळी नवे घ्यावे लागते, आणि पृष्ठभाग इतका लहान असतो की नवख्याची नजर त्यावर ठरत नाही. अंजन डोळ्यांत मात्र घालू नये. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे असते.

जागा, वेळ आणि उजेड

खोली अशी निवडावी की जिथे अर्धा तास कोणी हाक मारणार नाही. एकत्र कुटुंबात हे जमवणे हाच साधनेचा सर्वांत अवघड भाग ठरतो, आणि त्यावर रात्री जेवणे आटोपून घर शांत होण्याची वाट पाहण्यापलीकडे उपाय नाही. जेवण झाल्यावर दीड-दोन तास जाऊ द्यावेत, नाहीतर प्रतिमेऐवजी झोप येते. अमावास्या किंवा पौर्णिमा पाळायची असेल तर पाळावी. त्याने नियमितपणा येतो, इतकाच त्याचा फायदा मला दिसतो.

उजेड पाठीमागून यावा. समईची एक वात किंवा झिरोचा बल्ब पाठीमागे, थोडा बाजूला, अशा बेताने ठेवावा की त्याची ज्योत किंवा बिंदू पात्रात दिसणार नाही. पूर्ण अंधारात पृष्ठभागच दिसत नाही, आणि उजेड जास्त झाला की स्वतःचा चेहरा व छताच्या तुळया दिसत राहतात. पंखा बंद ठेवावा, कारण पाण्यावर उठणारी लहर नजर मोडते. धूप-ऊद लावायचा असल्यास आधी लावून विझू द्यावा आणि खिडकी किलकिली ठेवावी. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून बसणे धोक्याचे आहे, त्यातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने माणूस दगावू शकतो.

आरसा थोडा मागे कलता ठेवावा, म्हणजे त्यात स्वतःचा चेहरा न दिसता मागची अंधारी भिंत किंवा छत दिसेल. कापुतो यांच्या प्रयोगातील बदलणारे चेहरे स्वतःच्या प्रतिबिंबातूनच आले होते. पहिले काही महिने तरी ते टाळलेले बरे.

बैठक

वहीत प्रश्न लिहून झाला की मोबाइल खोलीबाहेर ठेवावा. पात्रापासून दीड ते दोन फुटांवर पाठ सरळ ठेवून बसावे. मांडी घालून बसणे जमत नसेल तर खुर्ची चालते. सुरुवातीची दहा मिनिटे पात्राकडे न पाहता डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि श्वास आपोआप संथ होऊ द्यावा. देवाचे स्मरण करण्याची सवय असणाऱ्याने ते याच वेळी करावे.

मग प्रश्न एकदा मनात म्हणावा आणि सोडून द्यावा. नजर पृष्ठभागावर न ठेवता त्याच्या जरा खाली, पाण्याच्या किंवा काचेच्या आत कुठेतरी विसावल्यासारखी ठेवावी. पापण्या नेहमीप्रमाणे लवू द्याव्यात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत टक लावणे हे त्राटक करणाऱ्यांच्या सवयीमुळे अनेकांच्या हातून होते, पण इथे त्याची गरज नाही. ताणलेल्या डोळ्यांना फक्त ताणच दिसतो.

पाच-सात मिनिटांनी बहुधा पृष्ठभाग गढूळ झाल्यासारखा वाटतो, त्यावर करडे धुके सरकते, कडा नाहीशा होतात. कित्येक बैठकांत यापुढे काहीच घडत नाही आणि त्याला अपयश समजू नये. पुढे कधी रंगाचे ठिपके, कधी रेषा, कधी क्षणभर एखादी वस्तू किंवा जागा दिसते. काहींना पात्रात काहीच दिसत नाही, पण मनासमोर चित्र उमटते किंवा एखादा शब्द ऐकू आल्यासारखा होतो. तेही ग्राह्य धरावे. प्रतिमा आली की तिचा पाठलाग करू नये, तिच्यावर नजर रोखून "हे काय आहे?" असे विचारले की ती विरते. जे दिसते ते हळू आवाजात बोलत राहावे. एखादा विश्वासू माणूस लिहून घ्यायला असेल तर उत्तम.

एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा अधिक पाहू नये, आणि आठवड्यातून दोनदा बसणे पुरेसे आहे. वेळ संपल्यावर दिवा लावावा, तोंडावर गार पाणी मारावे, भांड्यावर किंवा आरशावर काळे कापड घालावे आणि उठण्यापूर्वीच वही उघडावी.

लिहिणे आणि अर्थ लावणे

आधी दिसले ते लिहावे, अर्थ नंतर. ही दोन कामे वेगळी ठेवण्याचे महत्त्व तिबेटच्या एका प्रसंगातून कळते. तेरावे दलाई लामा वारल्यानंतर त्यांच्या पुढच्या अवताराच्या शोधासाठी कारभारी रेटिंग रिन्पोछे १९३५ मध्ये ल्हामो लात्सो सरोवराकाठी गेले आणि पाण्यात त्यांना तीन अक्षरे, तसेच हिरव्या-सोनेरी छपरांचा मठ व एक घर दिसले. सरोवराने गावाचे नाव सांगितले नाही. "अ" म्हणजे आमदो प्रांत, "क" म्हणजे कुम्बुम मठ, हा अर्थ लावला गेला, आणि शोधपथक आमदोतील एका शेतकऱ्याच्या घरी पोहोचले. पाहणे आणि वाचणे या दोन पायऱ्यांत किती अंतर असते, ते इथे स्पष्ट दिसते.

वहीच्या डाव्या पानावर केवळ वर्णन असावे: आकार, रंग, दिशा, किती वेळ, अंगात काय जाणवले. "आजी दिसली" असे न लिहिता "पांढऱ्या केसांची, डोक्यावर पदर घेतलेली, पाठमोरी बाई" असे लिहावे. ती आजी होती हा अर्थ झाला, त्याची जागा उजव्या पानावर. शब्द ऐकू आला तर तो ज्या भाषेत आला त्याच भाषेत लिहावा. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत आणखी काही, अशी स्थिती असल्याने मनातल्या आठवणीही त्या त्या भाषेत साठलेल्या असतात, आणि मराठीत भाषांतर करून लिहिले की कोणत्या आठवणीतून तो शब्द आला याचा माग पुसला जातो.

उजवे पान दुसऱ्या दिवशी सकाळी भरावे. प्रत्येक प्रतिमेसमोर, ती पाहून सर्वप्रथम काय आठवले ते लिहावे. छापील चिन्हकोशांचा मला उपयोग वाटत नाही. कारखान्याच्या धुराड्याचा अर्थ ऊस घालून बिलाची वाट पाहणाऱ्या चिकोडीच्या शेतकऱ्याला एक आणि त्याच कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला दुसराच असतो. घटप्रभेच्या पुरात घर गेलेल्या माणसाला पाणी दिसले, तर त्याचा अर्थ कोणत्याही कोशात मिळणार नाही. स्वतःच्या चिन्हांची यादी वहीच्या शेवटच्या पानांवर वाढू द्यावी. एकच प्रतिमा वेगवेगळ्या प्रश्नांना पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती त्या प्रश्नाची नसून साधकाची आहे असे समजावे.

कोणतेही भाकीत लिहायचे असेल, तर ते चुकू शकेल अशा शब्दांत, मुदतीसह लिहावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. "मोठा बदल येत आहे" हे वाक्य कोणाच्याही बाबतीत खरे ठरते, म्हणून ते वहीत येऊ देऊ नये. तीन महिन्यांनी नोंदी चाळून जुळलेल्या आणि न जुळलेल्या, दोन्हींचा हिशेब मांडावा. न जुळलेल्या नोंदींवर रेघ मारू नये.

दोघांनी मिळून करायचे असल्यास

जॉन डी यांना स्वतःला फारसे काही दिसत नसे. १५८२ पासून एडवर्ड केली पाहत असे आणि डी लिहून घेत. पाहणारा आणि लिहिणारा वेगळा असला की नोंद अधिक तपशीलवार होते, हा त्या व्यवस्थेचा गुण. तिचा दोषही त्याच जोडीने दाखवला आहे. १५८७ मध्ये केलीने असे सांगितले की दोघांनी आपापल्या बायका एकमेकांशी वाटून घ्याव्यात अशी देवदूतांची आज्ञा आहे, आणि डी यांच्यासारख्या विद्वानाने ती मानली. पाहणाऱ्याच्या सोयीची आज्ञा पात्रातून येऊ लागली की बैठक तिथेच बंद करावी. पैसे, जमीन, शरीरसंबंध यांविषयी काही "दिसले" तर ते नोंदवावे, पण त्यावर कोणतीही कृती करू नये. लहान मुलांना पाहायला बसवू नये. मोठ्यांना काय ऐकायचे आहे हे मूल चटकन ओळखते आणि तेच सांगते, आणि घाबरले तर ती भीती पुढे अनेक रात्री राहते.

केव्हा थांबावे

फेफरे येणाऱ्यांनी, आधी कधी भास किंवा संशयाचा आजार झालेल्यांनी, आणि घरात नुकताच मृत्यू झाला आहे अशांनी ही साधना करू नये. गेलेल्या माणसाला पाहण्याच्या ओढीने बसणाऱ्याला तो दिसण्याची शक्यता मोठी असते, आणि नंतर उठणे कठीण जाते. बैठकीबाहेरही आकृत्या दिसू लागल्या, आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली किंवा पात्राला विचारल्याशिवाय साधा निर्णयही घेता येईना, तर आरसा कपाटात ठेवून डॉक्टरांकडे जावे. धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आपल्या भागाला जवळ आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून बोलता येते. देवऋष्याकडे जाऊन आणखी एक अंजन घालून घेणे हा त्यावरचा उपाय नाही.

काही त्रास नसला तरी दर तीन महिन्यांनी महिनाभर खंड पाडावा. परत बसताना नवा प्रश्न न घेता वहीतला एखादा जुना, उत्तर न मिळालेला प्रश्न जशाच्या तशा शब्दांत घ्यावा, आणि बैठक पूर्ण होऊन डावे पान लिहून होईपर्यंत त्या प्रश्नाखालची मागची नोंद वाचू नये.